झाडं संपतात तिथून वर

१२ जानेवारी

दादा,

परवा तू फोन केलास आणि मी नुसती "हं, हं" करत राहिले, त्याचा राग धरू नकोस. फोन कारखान्यात मालकांच्या टेबलावर असतो. मालक समोर बसलेले, खळकाकू ब्रश हातात घेऊन दारात उभ्या, आणि सगळ्यांचे कान माझ्याकडे. तुला माझं माहितीय. शाळेत सर नुसतं उभं करायचे तरी माझी जीभ टाळूला चिकटायची, म्हणून तर शाळा सुटली. शेवटी काकूंनीच माझ्या हातातून फोन ओढून घेतला आणि म्हणाल्या, "अरे, ती मान हलवतेय. तू बोल पुढं." तू हसलास ते मला इकडं ऐकू आलं. तू गेल्यापासूनच्या दुसऱ्या हिवाळ्यात पहिल्यांदा ऐकलं ते.

म्हणून लिहितेय. कागद तोंडाकडे बघत बसत नाही.

पत्ता तू दिलास तोच टाकलाय, तुमच्या शहरातल्या ऑफिसचा. तिथून तुझ्यापर्यंत किती हातांतून जातं कोण जाणे. कुठं आहेस विचारलं की तुझं एकच, "टुंड्रात." टुंड्रात म्हणजे कुठं? "वर. झाडं संपतात तिथून वर." असा कुणी पत्ता सांगतं का? रोपं मोजणाऱ्या शास्त्रज्ञांच्या तळावर तू स्वयंपाक करतोस, एवढं समजलं. बटाटे तासन्‌तास शिजत नाहीत तिथं, हेपण समजलं. काकू म्हणाल्या, "बटाट्याला कशाला नावं ठेवतोस? इथं असताना तुला खळ तरी धड शिजवता यायची का?"

आता बातमी. बाबांनी मला टोप्यांवर बसवलंय, तुझ्या जागेवर. मी काही मागितलं नव्हतं. एक दिवस सकाळी तुझं स्टूल पुसून ठेवलेलं दिसलं, आणि बाबा न बघता म्हणाले, "बस." बाकीचे अजून पृथ्वीच्या गोळ्यावर नकाशाच्या कागदी पाकळ्या चिकटवतात आणि मी दोन्ही टोकांना गोल टोप्या लावते. पाकळ्यांची टोकं जिथं एकत्र येऊन चुरगळतात ना, ते झाकायचं काम. बाबा आयुष्यभर कागदाच्या लगद्याचे गोळे साच्यातून काढतायत, ते आता माझ्या शेजारीच असतात. दिवसभरात आमचं बोलणं म्हणजे "ओला आहे", "वाळला", "दे". काकू म्हणतात, तुम्हा बापलेकीपेक्षा ते गोळे जास्त बोलतात.

सध्या नवीन गोळा निघालाय. त्यावर देश नाहीत, नुसतं कुठं काय उगवतं ते रंग. जंगल हिरवं, वाळवंट पिवळं, आणि टुंड्रा फिकट जांभळा. वरच्या टोपीच्या कडेनं त्याचा पट्टा फिरतो. मी खळ लावून टोपी बसवते आणि अंगठ्यानं कडा दाबत फिरते. अलास्का, मग कॅनडाचं डोकं, ग्रीनलंडची नुसती किनार कारण आत सगळा बर्फ, आइसलंडचा तुकडा, नॉर्वेचं टोक, आणि मग रशिया. रशिया संपता संपत नाही. तो संपला की परत अलास्का. एवढी मोठी पृथ्वी, आणि तुझा टुंड्रा माझ्या एका बोटाच्या रुंदीत मावतो. पण त्यात तू कुठं, ते काही सापडत नाही. प्रत्येक गोळ्यावर मी वेगळ्या जागी जरा जास्त दाबते. आज तू ग्रीनलंडला होतास.

सोबत लोकरीचे पायमोजे आहेत, बाबांनी आणलेत. म्हणाले, "पार्सल जाणारच असेल तर हे टाक आत. माझं नाव सांगू नको." मी हो म्हटलं नव्हतं, नुसती मान हलवली होती. म्हणून सांगतेय.

घुमी

३० मार्च

दादा,

पत्र आलं तुझं. चारच ओळी? पूर्वी एका वाक्याला चार ओळी लागायच्या तुला. मोजे बसले लिहिलंस. कुणी आणले ते मी सांगितलं होतं, त्यावर एक अक्षर नाही. बरं.

आज कारखान्यात तुझा विषय निघाला. एक नवीन पोरगी आलीय पाकळ्यांवर. तिनं विचारलं, टोप्या उलट्या लागल्या तर काय होतं? सगळ्यांचे ब्रश थांबले. मग काकू म्हणाल्या, "काही होत नाही गं. माणूस घर सोडून जातो."

त्या दिवसाचं आपण कधी बोललोच नाही. तू गेलास आणि विषयपण गेला. अख्खा ढीग तयार होता शाळांसाठी, वॉर्निश होऊन, आणि सगळ्यांच्या उत्तरेची टोपी खाली, दक्षिणेची वर. मला ते दिसलं तेव्हा आधी हसू आलं होतं, खरं सांगते. मग बाबा आले. त्यांनी सगळ्यांसमोर तुला खळीचा ब्रश मारला. खळ गालावरून शर्टावर ओघळत होती आणि तू पुसली नाहीस. म्हणालास, "आयुष्यभर पृथ्वी फिरवलीत बोटावर, आणि स्वतः कधी स्टँडच्या पलीकडे गेला नाहीत." बाबा म्हणाले, "मग जा. बघून ये जग, आणि मग मला शिकव." एवढंच. मला वाटलं होतं जेवायला येशील.

त्यांचंपण चुकलं. ते कधी म्हणणार नाहीत, पण ते गोळे त्यांनी मोडीत टाकले नाहीत. मालक टाका म्हणत होते. बाबांनी एकेक गोळा वाफेवर धरून टोप्या सोडवल्या आणि परत लावल्या. कितीतरी दिवस लागले. मी शेजारी उभी राहून टोप्या सुकत घालत होते. त्यांनी मला एकदाही हाक मारली नाही, दरवेळी तुझंच नाव घेऊन "ही धर" म्हणायचे. आणि मग चिडायचे, माझ्यावर.

गोळे वाळवायला अजून गच्चीवरच नेते. हल्ली हवा स्वच्छ आहे, समोरचा डोंगर अगदी जवळ आल्यासारखा दिसतो. वर अजून पांढरं आहे. गोळे दोरीला टांगले की वाऱ्यानं फिरतात, आणि मी त्यांच्यामध्ये बसून डबा खाते. तिथं मला कुणी बोलायला लावत नाही.

तुझ्याकडे दिसतं का रे काही बसून बघण्यासारखं? ते लिही. जेवलो, झोपलो, बरा आहे, हे नको.

घुमी

२४ जून

दादा,

कालच्या फोनचं लिहायचंय. लिहू की नको असं झालंय.

तू म्हणालास, सप्टेंबरात शास्त्रज्ञ दुसरीकडे जाणार, अजून लांब, उत्तरेला, आणि तुलापण नेणार. तीन वर्षांचं काम. नाव देऊन टाकलंस म्हणालास. तू विचारलंस, "घुमे, ऐकतेस ना?" मी ऐकतच होते. ऐकण्याशिवाय मला दुसरं येतं काय? तीन वर्षांनी मी केवढी होईन, बाबा केवढे होतील, असं काहीतरी डोक्यात फिरत होतं. आणि अजून लांब म्हणजे कुठं? टुंड्राच्या वर तर नुसतं पाणी आणि बर्फ आहे. मी रोज चिकटवते, मला माहितीय.

मग तू म्हणालास, "चल, अंधार पडला, ठेवतो."

मी फोन ठेवला तेव्हा मालक दिव्याचं बटण दाबत होते. आमच्याकडेपण तेव्हाच अंधार पडला.

आता ऐक. या गोळ्याच्या खोक्यात एक माहितीचा कागद जातो. घडी घालायचं काम माझंच, म्हणून तो पाठ झालाय. त्यात लिहिलंय की टुंड्रात जूनमध्ये सूर्य मावळतच नाही. दिवसभर आणि रात्रभर उजेड. मग तुझ्याकडे अंधार कसा पडला?

मी काकूंना विचारलं. म्हणजे कागद दाखवला आणि बोट ठेवलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे खालच्या बाजूला असेल." खाली, अगदी दक्षिणेला, बर्फाच्या भोवती थोडी बेटं आहेत. तिथंपण थोडा टुंड्रा आहे, कागदात आहे तसं. आपल्याकडे उन्हाळा तेव्हा तिकडं हिवाळा, त्यामुळं अंधार. काकूंना इतकं हसू आलं की हातातली पाकळी फाटली. "कार्ट्यानं टोपी उलटी लावली आणि स्वतःच जाऊन खाली बसला." सगळे हसले. बाबा हसले नाहीत. पण उठूनपण गेले नाहीत.

मी घरी येईपर्यंत ते खरं धरून चालले होते. मग आठवलं, फोनवर तू आणखी एक म्हणाला होतास. सध्या फुलं आलीत, नखाएवढी, जमिनीला चिकटून, चालताना पाय कुठं ठेवावा कळत नाही. हिवाळ्यात फुलं येतील का?

वर असशील तर अंधार नको. खाली असशील तर फुलं नकोत. मग तू आहेस तरी कुठं?

नाव परत घे असं मी म्हणत नाही. पण कुठं आहेस ते सांगून तरी जा.

घुमी

९ जुलै

दादा,

तुझं उत्तर आलं नाही. नको पाठवूस. मला सापडलं.

त्या कागदाच्या शेवटी एक ओळ आहे. बारीक अक्षरात, घडीत जाते म्हणून कधी नीट वाचली नव्हती. उंच डोंगरांवर झाडांची रेषा संपते तिथून वरही टुंड्रा असतो, आणि असे डोंगर जगात जवळपास सगळीकडे आहेत, पण एवढ्या लहान गोळ्यावर ते दाखवता येत नाहीत.

मी कागद घेऊन तशीच गच्चीवर गेले. दोरीवर गोळे होते, जांभळ्या पट्ट्याचे, आणि त्यांच्यामागं डोंगर. बर्फ गेलाय आता. खालून हिरवा, आणि एका ठिकाणी हिरवा एकदम थांबतो, कुणी कात्रीनं कापल्यासारखा. त्याच्यावर नुसतं करडं. मी जन्मापासून बघतेय ते. झाडं संपतात तिथून वर.

खाली येऊन काकूंना विचारलं, तोंडानं विचारलं, बटाटे कुठं शिजत नाहीत? त्या म्हणाल्या, "डोंगरावर. माझा भाऊ होता रस्त्याच्या कामावर. उंचावर पाणी उकळतं पण गरम होत नाही, बटाटा दगडासारखा राहतो." मग माझ्याकडे बघून त्यांचा ब्रश हळूहळू खाली आला. "अगं बाई," म्हणाल्या. "काखेत कळसा आणि गावाला वळसा."

काही तासांच्या बसवर आहेस तू. तू खोटं बोलला नाहीस, ते मला कळतंय. शास्त्रज्ञ त्याला टुंड्राच म्हणत असतील. पण मी तुला ग्रीनलंडला शोधत होते, रशिया पालथा घालत होते, आणि तू समोर बसलेला. तुला आमचं गाव दिसत असेल ना तिथून? आमचे दिवे? मी विचारलं होतं, दिसतं का काही बसून बघण्यासारखं. तू त्यावर काही लिहिलंच नाहीस.

मला खूप राग आला. मग राग गेला आणि जे राहिलं ते त्याहून वाईट होतं. लांब होतास तेव्हा येत नव्हतास ते चालत होतं.

संध्याकाळी बाबांना सांगितलं. भांडी घासत होते ते. मी पाठीमागून म्हटलं, "बाबा, दादा समोरच्या डोंगरावर आहे." त्यांनी ताट विसळलं, उपडं ठेवलं, आणि म्हणाले, "माहितीय."

"कधीपासून?"

"गेला त्या संध्याकाळपासून."

तू गेलास त्या संध्याकाळी ते स्टँडवर गेले होते, दादा. प्रत्येक गाडीपाशी जाऊन विचारत फिरले. मला म्हणाले होते की वॉर्निश आणायला चाललोय. डोंगराच्या गाडीच्या ड्रायव्हरनं सांगितलं की असा एक पोरगा, शर्टावर खळ वाळलेली, शेवटच्या थांब्याला उतरला आणि तळावरच्या माणसांबरोबर वर गेला. बाबा घरी आले आणि मूग गिळून बसले. मोजे विकत आणले तेव्हापण त्यांना माहीत होतं, आणि तरी मला शहराच्या पत्त्यावर टाकायला लावले.

मी विचारलं, "मग गेला का नाहीत आणायला?"

त्यांनी हात पुसले. म्हणाले, "त्याला माझ्यापासून लांब जायचं होतं. तिथं बसून तो लांब गेलाय असं त्याला वाटतंय ना, वाटू दे. मी गेलो असतो तर तो खरंच लांब गेला असता."

आता तू तसापण चाललायस. मी सप्टेंबरचं त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मग काय उपयोग झाला," आणि दिवा न लावता बसून राहिले. ते मला म्हणत होते की स्वतःलाच, मला कळलं नाही.

हे सगळं तुला कळवू नको म्हणालेत. मी मान हलवली. तरी हे लिहिलं, पण पोस्टात टाकत नाही. उशीखाली ठेवतेय. टाकलं आणि तू चिडून उद्याच निघून गेलास तर? आणि नाही टाकलं तरी तू जाणारच.

घुमी

२८ जुलै

दादा,

मागचं पत्र आणि हे, दोन्ही एकाच पाकिटात येतील. पोस्टानं नाही, हातानं.

आज दुपारच्या सुट्टीत मी स्टँडवर गेले. एकटी. पाकीट ड्रायव्हरच्या हातात द्यायचं आणि पळायचं, असं ठरवून गेले होते. डोंगराची गाडी उभी होती. ड्रायव्हरकाका पायरीवर बसून संत्रं सोलत होते. मी समोर जाऊन उभी राहिले. ते म्हणाले, "काय गं?" मी पाकीट पुढं केलं. ते म्हणाले, "कुणासाठी?" पाकिटावर लिहिलं होतं, पण त्यांचा चष्मा आत राहिला होता. म्हणाले, "तू सांग की. तोंड आहे ना?"

मागं माणसं उभी होती. मला शाळेचा वर्ग आठवला. पण सप्टेंबर जवळ आलाय, म्हणून बोलले. म्हटलं, "वर तळावर स्वयंपाकी आहे, त्याला द्यायचंय. तो माझा भाऊ आहे."

काका सोलता सोलता थांबले. "तू त्याची बहीण?" म्हणाले. "मग तू इथं कधी दिसत कशी नाहीस?"

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं.

तू महिन्याच्या पहिल्या सोमवारी सामान घ्यायला डोंगरावरून खालच्या गावात येतोस. सामान दुकानात बांधून ठेवतोस, आणि मग त्यांच्या गाडीत बसून इथवर येतोस. आपल्या स्टँडवर. इथं उतरतोस, कडेच्या टपरीवर चहा घेतोस, त्या तुटक्या फळीच्या बाकावर बसतोस, आणि त्याच गाडीनं परत जातोस. काका म्हणाले, "मी विचारलं होतं एकदा, कुणाला भेटायचंय का? म्हणाला, नाही, गाडीत बसायला आवडतं. एवढे धक्के खायला कुणाला आवडतं? पण मी कशाला खोलात जाऊ?"

मी त्या बाकावर जाऊन बसले. तिथून आपली गल्ली दिसते, दादा. कारखान्याची गच्ची दिसते. दोरीवरचे गोळेपण दिसतात, बारीक, पण कुणाचे आहेत माहीत असलं की ओळखू येतात. मी डबा खायला बसते ती जागापण दिसते. मी किती वेळ बसले होते ठाऊक नाही. टपरीवाल्यानं न मागता चहा आणून दिला आणि म्हणाला, "इथं बसणारे सगळे तुमच्याच घरातले दिसतात. एक शब्द नाही बोलायचा."

कारखान्यात परत गेले तेव्हा उशीर झाला होता. बाबांनी विचारलं नाही. मीच सांगितलं, सगळ्यांसमोर, उभं राहून. काकूंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि त्या म्हणाल्या की खळीची वाफ लागली. खळ थंड होती. बाबा एका गोळ्याला खळ लावत होते. ऐकता ऐकता त्याच जागी परत परत लावत राहिले, शेवटी ती खाली ठिबकायला लागली. मग विचारलं, "कुठल्या टपरीवर घेतो चहा?"

मी सांगितलं.

"तिथला चहा पाणचट असतो," म्हणाले. आणि ब्रश ठेवून मालकांकडे गेले. काचेतून दिसत होते. मालकांनी ऐकू आलं नाही असा कानाला हात लावला, तेव्हा बाबांनी परत सांगितलं. सोमवारची सुट्टी मागत होते ते. मालक मला नंतर म्हणाले, "आयुष्यात पहिल्यांदा मागितली त्यांनी. कशासाठी, हे विचारायचंपण सुचलं नाही मला."

पाकीट मी न देताच परत आणलं, हे पत्र त्यात घालून उद्या देईन; काका ते परतीच्या फेरीला नेणार आणि खालच्या दुकानात ठेवणार. तुमच्या तळावरचा माणूस तिथं रोज येतो म्हणाले. म्हणजे सोमवारच्या आधी तुला मिळेल.

उत्तरेला जायचं असेल तर जा. मला आता नीट माहितीय ती कुठं आहे ते. तिथं गेलास की कुठल्या देशात ते मात्र सांग, मला अंगठा ठेवायला एकच जागा पुरेल. आणि राहायचं असेल तर तुझं स्टूल मी सोडते, मला पाकळ्यांवर बसायला चालेल. तुला यातलं काय हवंय ते मला खरंच माहीत नाही. पण सोमवारी आधी गाडीतून उतर. आम्हाला बघून आत बसून राहू नकोस.

आधीच सांगून ठेवते. बाबा काही बोलणार नाहीत. ते तुझ्याकडे बघणारपण नाहीत, बुटांकडे बघतील. आणि मी आज जेवढं बोलले तेवढं मला परत कधी जमेल असं वाटत नाही. आपल्या घरात बोलणारा तू एकटाच होतास. त्यामुळं सुरुवात तुलाच करावी लागेल. काहीपण बोल, गाडीला उशीर झाला म्हण.

बाक लहान आहे, पण आम्ही सरकून बसू.

घुमी